हँडल कोणी मारायचं?

नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया मोटार प्रदर्शनात रोल्स-रॉइसने एक नवी चासी मांडली. तिला धड नावही नव्हतं. कागदोपत्री ती फक्त ‘४०/५० हॉर्सपॉवर’. पुढच्या वर्षी कंपनीचा व्यवहार सांभाळणाऱ्या क्लॉड जॉन्सनने त्यातली बारावी चासी कंपनीच्या जाहिरातीसाठी बाजूला काढली, तिच्यावर बार्करच्या कारखान्याकडून उघडी बॉडी चढवून घेतली, तिला चंदेरी रंग दिला, दिव्या-कड्यांना चांदीचा मुलामा दिला आणि ‘सिल्व्हर घोस्ट’ अशी पाटी लावली. एका गाडीचं हे नाव पुढे सगळ्या मालिकेला चिकटलं. १९०६ ते १९२६ अशी वीस वर्षं ही मालिका चालली, इंग्लंड आणि अमेरिका मिळून पावणेआठ हजारांहून थोड्या जास्त गाड्या तयार झाल्या, आणि जुन्या आलिशान गाड्यांचा विषय निघाला की आजही पहिलं नाव तिचंच येतं. तिचे आकडे मोटारशौकिनांना तोंडपाठ असतात. सहा सिलिंडर, सुरुवातीला ७,०३६ सीसी आणि १९१० पासून ७,४२८ सीसी. क्रँकशाफ्टला सात बेअरिंग. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक मॅग्नेटोवर चालणारा, दुसरा कॉइलवर. किंमत ९८५ पौंड, तीही नुसत्या चासीची. बॉडीचा खर्च वेगळा. ही यादी कौतुकाने वाचली जाते आणि ते योग्यच आहे. पण यातली कोणती सोय गाडीतल्या कोणत्या माणसासाठी होती, हे सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न घेऊन बसलं की गाडी निराळी दिसू लागते. पैसे देणारा जिथे बसतो तिथला त्रास कंपनीने विलक्षण कसोशीने हेरला आणि काढून टाकला. पगार घेणारा जिथे बसतो तिथला त्रास मात्र, तो काढण्याचं साधन बाजारात आल्यावरही, तिने वर्षानुवर्षं तसाच राहू दिला. ही खोड त्या मालिकेबरोबर संपलेली नाही, म्हणून आज त्याबद्दल लिहायचं.

आधी त्या कसोशीला तिचं श्रेय देऊ. सहा सिलिंडरचं इंजिन तेव्हा नवलाचं होतं आणि बदनामही. लांबलचक क्रँकशाफ्ट ठराविक वेगाला पिळवटून थरथरायचा, कधी तुटायचाही. हेन्री रॉइसने याआधी केलेलं ३० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन याच दुखण्याने बेजार होतं. ४०/५० मध्ये त्याने सिलिंडर दोन-दोनच्या तीन जोड्यांऐवजी तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतले, क्रँकशाफ्ट जाड केला, त्याला सात ठिकाणी आधार दिला आणि पंपाच्या दाबाने त्या सगळ्या बेअरिंगपर्यंत तेल पोचवलं. यात नवा शोध असा एकही नाही. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या सर्वसाधारण गाड्यांसारखेच. ते डोक्यावर बसवून जास्त जोर काढण्याची युक्ती ठाऊक असूनही त्याने ती टाळली, कारण आवाज वाढला असता. हा माणूस पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, मँचेस्टरमध्ये विजेच्या क्रेन बनवून पुढे आलेला. दुसऱ्याची चांगली कल्पना घ्यायची आणि तिच्यातला खडखडाट संपेपर्यंत तिच्या मागे लागायचं, ही त्याची पद्धत. हॉर्सपॉवरच्या आकड्यावर तर फारसं विसंबूच नये. ब्रिटनमध्ये कर ज्या सूत्राने बसे ते सूत्र सिलिंडरची रुंदी आणि संख्या एवढंच मोजायचं. पिस्टन किती लांब फेरी मारतो हे त्यात धरलेलंच नव्हतं. १९१० साली रॉइसने पिस्टनची फेरी साडेचार इंचांवरून पावणेपाच इंच केली, इंजिन जवळपास चारशे सीसींनी मोठं झालं, आणि कराच्या कागदावर हॉर्सपॉवर होती तेवढीच राहिली. म्हणजे पहिल्या दर्जाच्या या गाडीतसुद्धा कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरची गाडी यांचा संबंध जेमतेमच होता. आकड्यांची यादी वाचायची तर तिच्या मागे उभं राहून वाचावी लागते.

त्या कसोशीचा पुरावाही कंपनीने जगासमोर ठेवला, आणि तो आजच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी प्रामाणिक होता. १९०७ च्या उन्हाळ्यात चंदेरी गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांना सोबत घेऊन लंडन आणि ग्लासगो यांच्यामध्ये येरझारा घालत राहिली. एकूण १४,३७१ मैल. या सगळ्या प्रवासात गाडीच्या चुकीमुळे ती एकदाच थांबली, ६२९ मैलांवर, आणि कारण काय, तर धक्क्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला. चाचणी संपल्यावर क्लबने गाडी खोलली, झिजलेले भाग मोजले आणि ती पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल ते लिहून ठेवलं: दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. क्लॉड जॉन्सन हा याच क्लबचा पहिला सचिव होता हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पण कॉक बंद पडल्याची नोंदही अहवालात आली, यावरून नोंदी करणाऱ्यांनी डोळेझाक केली नसावी. आपल्याकडेही तिची परीक्षा झाली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या ४०/५० ने सह्याद्रीचे घाट पार करत बाजी मारली आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. १९११ च्या दिल्ली दरबारासाठीही याच मालिकेतल्या गाड्या आल्या. संस्थानिकांच्या मोटारखान्यांत रोल्स-रॉइसचा जो दबदबा पुढे तयार झाला त्याचा पाया इथे आहे, आणि तो निव्वळ हौसेचा नव्हता. खडी पसरलेला, चाकोऱ्या पडलेला रस्ता, उन्हाळ्यात उकळणारं रेडिएटरचं पाणी, दुरुस्तीची सोय शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी बंद न पडणारी गाडी म्हणजे खरीच चैन होती.

आता याच गाडीच्या पुढच्या बाजूला येऊ. सकाळी साहेब बाहेर पडायच्या आधी ती चालू करायची आहे. ड्रायव्हर पेट्रोलचा कॉक उघडतो. मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांत टाकी मागे असल्यामुळे पेट्रोल पुढे यायला टाकीत हवेचा दाब लागतो, तो हातपंप मारून तयार करायचा. मग स्टिअरिंगवरच्या छोट्या दांडीने इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. हे विसरला तर पुढचं सगळं महागात पडतं. नंतर समोर जाऊन, रेडिएटरखालच्या भोकात हँडल बसवून, वाकून, सात लिटरचं गार इंजिन हाताने फिरवायचं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याने मूठ वळायची नाही, असं तेव्हा शिकवलं जाई. कारण इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल मूठ सोडवून निसटायला हवं, नाहीतर मनगट जातं. हँडलच्या झटक्याने हात मोडणं ही त्या काळातली अगदी ओळखीची दुखापत होती. आपल्याकडे जुन्या ट्रकांना हँडल मारलेल्या पिढीला ती समजावून सांगावी लागणार नाही. संध्याकाळ झाली की दिवे. पुढचे मोठे दिवे अ‍ॅसिटिलीनचे, म्हणजे कार्बाइडवर पाणी ठिबकवून गॅस करायचा आणि काडी ओढून एकेक दिवा पेटवायचा. घरी परतल्यावर डब्यातला चुन्यासारखा गाळ खरवडून काढायचा. शिवाय चासीवरच्या सांध्यांना तेल घालणं आणि पंक्चर काढणं. त्या काळचे टायर पाहता हे काम काही अपवादाने येत नव्हतं. कंपनीने शोफरांसाठी शिक्षणवर्ग चालवले, गाडी नीट वापरणाऱ्या माणसाला मोल दिलं. ही गोष्ट तिच्या बाजूची आहे. पण ज्या कामासाठी माणूस शिकवून तयार करावा लागतो ते काम यंत्राकडून करून घ्यावं, अशी निकड मग कोणाला वाटणार?

बॉडीकडे पाहिलं तर ही वाटणी डोळ्यांनी दिसते. रोल्स-रॉइस चासी द्यायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारखान्यात बांधून घ्यायचं. यातल्या कित्येक शहरी बॉड्यांत मागची खोली काचांनी बंद, गादी, पडदे, पाय ठेवायला तिवई, फुलदाणी. आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर एकतर काहीच नाही किंवा नुसतं लहानसं छप्पर, बाजू उघड्या. दोघांच्या मधे काचेची भिंत, आणि हुकूम पोचवायला बोलण्याची नळी. लंडनचा पाऊस दोघांवर सारखाच पडायचा, भिजायचा एकच. ही रचना घोड्याच्या बग्गीवरून आली हे खरं आहे. कोचमन वर, उघड्यावर बसायचा. पण बग्गीत त्याला लगाम धरायला बाहेर बसणं भाग होतं. मोटारीत तसं काही कारण उरलं नव्हतं, तरी तो बाहेरच राहिला, कारण बाहेर भिजणारा गणवेशातला माणूस हा आतल्या माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग होता. चैनीच्या वस्तूंच्या इतिहासात हे फार ठिकाणी दिसतं आणि ते वाचताना मला नेहमीच थोडी चीड येते. कोणाचा तरी त्रास नजरेसमोर राहावा, ही त्या चैनीचीच एक गरज होऊन बसते.

या सगळ्यावर ‘त्या काळी दुसरा उपायच नव्हता’ असं कोणी म्हणेल. १९०६ साली नव्हता, कबूल. पण अटलांटिकपलीकडे डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅक नावाची कंपनी होती. तिचा संस्थापक हेन्री लेलँड हा अचूक यंत्रकामाचा दर्दी. १९०८ साली त्याच्या लंडनमधल्या विक्रेत्याने एक सिलिंडरच्या तीन कॅडिलॅक रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या हवाली केल्या. क्लबने त्या पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, ८९ भाग बाजूला काढून त्या जागी दुकानातले सुटे भाग घेतले, आणि मेकॅनिकांनी फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस लावावी लागली नाही. त्या तिन्ही ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० मैल पळाल्या. रोल्स-रॉइसमध्ये कुशल कारागीर एकेक भाग दुसऱ्याला जुळवत असे. कॅडिलॅकमध्ये कुठलाही भाग कुठेही बसत होता. याच कंपनीने डिसेंबर १९०८ मध्ये ‘मॉडेल थर्टी’ आणलं: चार सिलिंडर, ३.७ लिटर, १,४०० डॉलर. ती इंजिन मोठं करत गेली, बंद बॉडी देऊ लागली, आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तिने विजेचा स्टार्टर, विजेचे दिवे आणि विजेचं इग्निशन एकत्र बसवून दिलं. हे काम डेटन इथल्या चार्ल्स केटरिंगचं. तो आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला, म्हणजे कॅश रजिस्टरला, विजेची मोटर बसवत असे. गल्ला उघडायला मोटर काही क्षणच चालते, त्यामुळे लहान मोटरवर तेवढ्यापुरता दांडगा भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याला तिथे कळलं होतं. इंजिन फिरवायलाही काही सेकंदच लागतात. बाकीचे लोक मोठी, अवजड मोटर कुठे बसवायची या चिंतेत असताना त्याने लहान मोटर बसवली, इंजिन चालू झाल्यावर तिच्याकडूनच बॅटरी भरून घेतली, आणि हँडल मारायचं काम संपवलं. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने या कामासाठी कॅडिलॅकला आपला ड्यूअर करंडक दिला. अशी पूर्ण गाडी, बॉडीसकट, १,८०० डॉलरला मिळत होती. रोल्स-रॉइसची नुसती चासी तेव्हाच्या विनिमय दराने पावणेपाच हजार डॉलरच्या पुढे जायची. त्या एका वर्षात कॅडिलॅकने सुमारे १४ हजार गाड्या विकल्या, म्हणजे सिल्व्हर घोस्टच्या वीस वर्षांतल्या एकूण गाड्यांच्या जवळपास दुप्पट. रोल्स-रॉइसने स्टार्टर नेहमीच्या साहित्यात घेतला तो १९१९ साली.

हा सात वर्षांचा उशीर मी कंपनीच्या माथी सगळाच्या सगळा मारत नाही. मधली चार वर्षं महायुद्धाची. कारखाना विमानांची इंजिनं आणि चिलखती गाड्या बनवत होता, मोटारींत सुधारणा करायला सवड नव्हती. रॉइसचा स्वभावही सावध. नवी गोष्ट दुसऱ्यांच्या गाड्यांत पाचसात वर्षं वागवली जाऊ द्यावी आणि मग आपण घ्यावी, हे धोरण नेमकं त्याच सावधपणातून आलं ज्याने गाडी १४ हजार मैल चालवून दाखवली. पहिल्या काळातल्या बॅटऱ्या आणि वायरिंग फार भरवशाचं नव्हतं हेही मान्य. आणखी एक मुद्दा जाणकार मांडतील, आणि तो वजनदार आहे: ४०/५० हातानेही तुलनेने सहज फिरायची. तिचं कॉम्प्रेशन जेमतेम सव्वातीन पट होतं, इंजिन मऊ होतं. आणि एकदा गरम झालेली गाडी थोडा वेळ थांबवली तर नुसता कॉइलचा स्विच टाकला तरी ठिणगी पडून ती पुन्हा चालू व्हायची, हँडलला हात लावायचं कारणच नाही. हे सगळं खरं आहे. पण स्विचवर चालू होणारी गाडी ही दुपारची गाडी आहे. पाहुण्यांसमोर, क्लबच्या दारात, मालक आत बसलेला असताना चालू होणारी. पहाटेच्या गारठ्यात गॅरेजमध्ये, कोणी पाहत नसताना, हँडल होतंच. सावधपणाचा खुलासाही मला अर्धाच पटतो, आणि त्याला कारण खुद्द रोल्स-रॉइसनेच पुरवलं आहे.

१९१२ च्या आल्प्स चाचणीत जेम्स रॅडली नावाच्या एका धनिक गिऱ्हाइकाची ४०/५० ऑस्ट्रियातल्या कात्शबर्ग खिंडीच्या चढावर अडली. कंपनीने मधल्या काळात चार गिअरचा बॉक्स काढून तीन गिअरचा दिला होता. सपाटीवर तो पुरेसा होता, त्या चढाला पहिला गिअर कमी पडला. जगातली सर्वोत्तम गाडी म्हणवणाऱ्या कंपनीला ही नामुष्की झोंबली. पुढे काय झालं? एका वर्षात नवा चार गिअरचा बॉक्स तयार झाला, १९१३ साली कंपनीच्या गाड्या त्याच आल्प्समध्ये पुन्हा उतरल्या आणि चढ मारून आल्या. तो बॉक्स मग मालिकेत आला. म्हणजे सावध कारखान्याला घाई करता येत होती. घाई कोणासाठी करायची हा प्रश्न होता. रॅडलीची अडचण वर्षभरात सुटली कारण रॅडली गिऱ्हाईक होता, तो बोलला की लंडनच्या क्लबात ऐकू जायचं. मनगट मोडलेल्या शोफरची तक्रार मालकाच्या दिवाणखान्यापर्यंत आली तरी खूप, कारखान्यापर्यंत ती पोचणार कशी?

याची उलट बाजूही त्याच कंपनीच्या यादीत सापडते. १९२२ साली रोल्स-रॉइसने ‘ट्वेन्टी’ नावाचं लहान मॉडेल आणलं: ३,१२७ सीसी, सहा सिलिंडर, व्हॉल्व्ह आता डोक्यावर, स्टार्टर अर्थातच विजेचा. युद्धानंतर नोकर महाग झाले होते आणि गाडी स्वतः चालवण्यात कमीपणा उरला नव्हता. डॉक्टर, वकील, व्यावसायिक असा स्वतः स्टिअरिंगवर बसणारा वर्ग कंपनीला हवा होता. पैसे देणारा पुढच्या सीटवर येऊन बसला आणि पुढच्या सीटचं भाग्य उजळलं. अमेरिकेत हेच दहा वर्षं आधी घडलं होतं. कॅडिलॅक घेणारा व्यापारी किंवा डॉक्टर बहुतेक वेळा स्वतः गाडी चालवत होता, त्याच्या घरातल्या बायकाही चालवू पाहत होत्या. हँडल त्याच्याच हातात होतं, म्हणून ते गेलं. केटरिंगची हुशारी मी जराही कमी लेखत नाही. पण त्याच्या हुशारीला गिऱ्हाईक मिळालं ते यामुळे.

‘जो पैसे देईल त्याच्या सोयीची वस्तू बनवायची, यात कारखानदाराने काय पाप केलं?’ हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो, कारण त्यात व्यवहाराचं तर्कशास्त्र आहे. पाप काहीच नाही. कारखानदाराने धर्मादाय संस्था चालवावी असं कोणी म्हणत नाही. पण मग याच तर्कशास्त्राचं पुढचं पाऊलही मान्य करावं लागतं: वस्तू घेणारा एक आणि राबणारा दुसरा असेल तिथे बाजार आपणहून त्या दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर घेणारा आणि राबणारा एक झाला पाहिजे, नाहीतर बाहेरून कोणीतरी नियम केला पाहिजे. ‘कालांतराने चैनीच्या सोयी खाली झिरपतातच’ असं जे ठामपणे सांगितलं जातं त्याला सिल्व्हर घोस्ट चांगलं उत्तर आहे. इथे सोय वरून खाली आलीच नाही. ती मधल्या किमतीच्या गाडीत आधी आली आणि वर चढायला तिला सात वर्षं लागली.

आपल्या रस्त्यांवर हे आज कुठे दिसतं ते शोधायला लांब जावं लागत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या महागड्या जर्मन गाड्यांत मुद्दाम लांब केलेली मॉडेलं आहेत. मर्सिडीजने ई-क्लास २०१७ पासून इथे लांब चासीची आणली, बीएमडब्ल्यूने ३ सीरिजचंही तसंच केलं. लांबी वाढली ती मागच्या सीटच्या पायांसाठी, कारण मालक मागे बसतो. त्यात गैर नाही, आणि या गाड्यांतला ड्रायव्हरही आता एसीत, चांगल्या सीटवर असतो. खरी परीक्षा मालवाहतुकीत आहे. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेशेजारी दिवसभर बसणारा ट्रकचा ड्रायव्हर हा आपल्याकडचा हँडल मारणारा माणूस. ट्रकच्या केबिनला एसी बसवण्याचं तंत्र काही गुपित नव्हतं. मोटारींना ते कित्येक दशकं बसत होतं, परदेशातल्या ट्रकांनाही. तरी आपले बहुतांश ट्रक वर्षानुवर्षं नुसत्या खिडकीवर आणि पंख्यावर चालले. ट्रक घेणारा मालक मायलेज, टनेज आणि हप्ता पाहतो, आणि त्या यादीत केबिनच्या तापमानाची ओळच नसते. शेवटी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं केलं. तेव्हाही किंमत वाढेल, डिझेल जास्त जाईल, ड्रायव्हरला झोप लागेल, अशा शंका निघाल्याच. थंड केबिनमध्ये झोप येते ही शंका मालकांना स्वतःच्या गाडीतल्या एसीबद्दल कधी आलेली दिसत नाही.

सक्तीचा नियम हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही ट्रकच्या केबिनपुरता. सरकारी खाती, महापालिका, परिवहन मंडळं, साखर कारखाने आणि मोठ्या खासगी कंपन्या दरवर्षी गाड्या घेतात आणि त्यासाठी स्पेसिफिकेशनचे जाडजूड कागद तयार करतात. कचरा गाडी, पाण्याचा टँकर, शाळेची बस, रुग्णवाहिका. या सगळ्या गाड्या पगारी माणसं चालवतात आणि त्यांचं स्पेसिफिकेशन ज्या टेबलावर ठरतं तिथे त्यांच्यापैकी कोणी बसलेलं नसतं. पायरीची उंची, क्लचचा जडपणा, सीटला पाठीचा आधार, आरशाचा कोन, रिव्हर्स घेताना मागचं दिसतं की नाही, या बाबींना किमतीच्या मानाने खर्च नगण्य असतो आणि पुढची दहा वर्षं त्या रोज कोणाच्या तरी कंबरेवर आणि गुडघ्यांवर वसूल होतात. वर्तमानपत्रांतली गाड्यांची परीक्षणंही मालकाच्याच जागेवरून लिहिलेली असतात. टँकर किंवा कचरा गाडी आठ तास चालवून पाहिलेलं परीक्षण वाचायला मिळणं विरळाच. खरेदीचा आराखडा कायम करण्याआधी त्याच प्रकारची गाडी सध्या चालवणाऱ्या पाचदहा ड्रायव्हरांना एक दिवस नमुन्याच्या गाडीवर बसवावं, त्यांनी सांगितलेलं लेखी घ्यावं आणि निविदेला जोडावं. एवढी दुरुस्ती करायला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी. खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीतला एक ठराव त्याला पुरतो.